शेंगेच्या आतलं

आमच्या घरात गादी उचलली की खाली पानं सापडतात. पानं, पिसं, झाडाच्या साली, सगळं वर्तमानपत्राच्या घड्यांत दाबून ठेवलेलं. न्हाणीघरातल्या बादलीत गोटे भिजत असतात. अंघोळीला गेलेल्या माणसाने आधी ते बाहेर काढायचे, मग पाणी भरायचं आणि शेवटी ते होते तसे परत ठेवायचे, असा नियम आहे. नियम अर्थातच ताईचा. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, बालवाडीत शिकवते. तिने लग्न केलं नाही, माझं होऊन मोडलं, म्हणून आम्ही दोघी एकत्र राहतो आणि एकमेकींचं डोकं खातो.

तिच्या वर्गात विकतचं एकही खेळणं नाही. बाहुलीचा पलंग झाडाच्या सालीचा, बाहुलीचे केस मक्याच्या कणसाचे, रंग ओल्या मातीचा आणि ब्रश म्हणजे टोक ठेचलेली काडी. पोरं त्या ढिगाऱ्यात इतकी रमतात की सुट्टीची घंटा झाली तरी उठत नाहीत. "खेळण्यातली मोटार मोटारच राहते गं," ताई म्हणते, "काठीचा सकाळी घोडा होतो आणि दुपारी पूल." हे मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन.

पालकांच्या मात्र हे पटकन पचनी पडत नाही. त्यातली एक पोस्टात काम करणारी आई होती. पहिल्याच दिवशी तिने वर्गावर नजर फिरवली आणि म्हणाली, "बाई, घरी मी हा कचरा झाडून टाकते, आणि तुम्ही तोच माझ्या पोरीच्या हातात देणार?" ताई रागावली नाही. तिने टेबलावरचा पाइपचा तुकडा उचलून दाखवला. त्या नळीतून जी वस्तू आरपार जाते ती लहान मुलाच्या घशातही जाऊ शकते, म्हणून ती वर्गात येत नाही. बिया, मणी, बारके खडे सगळे नापास. आईने मान डोलावली, पण पटलं नाही हे चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं. तिच्या सव्वातीन वर्षांच्या मुलीला वर्गात सगळे चिंगी म्हणत.

तर त्या दिवशी ताईने रस्त्यावरून शेंगा गोळा करून नेल्या. लांब, चपट्या, तपकिरी, हलवल्या की खुळखुळणाऱ्या. झाडाचं नाव ताईला ठाऊक, मला नाही. एकेक शेंग नळीवर ठेवून पाहिली. वीतभर लांब, तीन बोटं रुंद शेंग नळीत कशाला जाते? सगळ्या पास. मग त्या खिडकीपाशी चटईवर मांडल्या. पोरांनी कोणी तलवार केली, कोणी खुळखुळा.

थोड्या वेळाने चटईवर ऊन आलं आणि शेंगा तापल्या. ताड! एक फुटली. मग दुसरी, मग तिसरी. साली पिळवटून बाजूला झाल्या आणि मसुराहून जराशा मोठ्या बिया साऱ्या वर्गभर उडाल्या. पोरांनी टाळ्या पिटून शाळा डोक्यावर घेतली. ताईचा चेहरा मात्र पांढराफटक पडला. शेंग वाळली की तडकते आणि बी लांब फेकते, हे ती दर वर्षी मुलांना हातवारे करून सांगते. तरी नळीला तिने शेंग लावली, आतलं लावायचं सुचलंच नाही. ती आणि मदतनीस मावशी चटईवर रांगत बिया वेचायला लागल्या, तेवढ्यात चिंगी समोर येऊन उभी राहिली आणि नाकाकडे बोट करून म्हणाली, "बाई, ही निघत नाहीये."

ताईचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजला बाह्या लावत होते. "स्कूटर घेऊन ये," एवढंच ती बोलली. आवाज ऐकूनच मी ब्लाउज तसाच टाकून निघाले. पोचले तर ताई चिंगीला मांडीवर घेऊन बसली होती आणि दोघी मासे झाल्या होत्या. तोंड उघडायचं, मिटायचं, उघडायचं, मिटायचं. पोर रडली आणि तिने जोरात श्वास आत ओढला तर बी वर सरकेल, मग खाली श्वासनळीत उतरेल, हे ताईला ठाऊक होतं. म्हणून तिने पोरीला तोंडाने श्वास घ्यायला लावलं होतं, आणि स्वतःही माशासारखी तोंड हलवत होती. डोळ्यांतून मात्र घळाघळा पाणी वाहत होतं. चिंगीला तोही खेळाचाच भाग वाटला असावा.

नाक-कान-घशाच्या डॉक्टरांचा दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे होता. मी आयुष्यात इतकी हळू स्कूटर कधी चालवली नाही. प्रत्येक खड्ड्याला मागून ताई म्हणायची, "जपून गं, जपून."

मावशींनी फोन केला म्हणून चिंगीची आई आमच्या आधीच येऊन उभी होती, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच. तिने पोरीला ताईच्या हातातून ओढूनच घेतलं.

"सांगितलं होतं ना मी? सांगितलं होतं की नाही?"

"हो," ताई म्हणाली. "चूक माझीच आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती. ताई काय काय करते हे तिला ऐकवायला मी तोंड उघडलंही. पण ताईने माझा हात दाबला. खरं तर ऐकवण्यासारखं होतं काय? पोर तिची होती.

डॉक्टर म्हातारे, शांत. त्यांनी बॅटरीने नाकात पाहिलं. "ओलाव्याने बी फुगायला लागेल, आत्ताच काढायला हवी," ते म्हणाले. "चिमटा घातला तर पोर उसळेल. आधी एक सोपा उपाय करू. आई, तुम्ही करायचाय." त्यांनी चिंगीची मोकळी नाकपुडी बोटाने बंद केली. "तिच्या तोंडावर तोंड घट्ट ठेवा आणि एक जोराची फुंकर मारा. पापी देतो तशी."

आई इतकी थरथरत होती की पहिली फुंकर गालावरच गेली. चिंगीला गुदगुल्या झाल्या, ती खिदळायला लागली. ताई भिंतीला टेकून डोळे गच्च मिटून उभी होती.

दुसरी फुंकर बसली. फुर्र! बी शेंबडासकट बाहेर आली ती थेट डॉक्टरांच्या चष्म्यावर.

मग डॉक्टरांनी चष्मा काढला, बॅटरीने पुन्हा दोन्ही नाकपुड्या तपासल्या, छातीला स्टेथोस्कोप लावून नीट ऐकलं आणि म्हणाले, "साफ. काही नाही. घेऊन जा." माझा जीव भांड्यात पडला. मी इतक्या मोठ्याने हसायला लागले की बाहेर बसलेल्या पेशंटांनी दारातून डोकावून पाहिलं. चिंगी बी परत मागत होती. डॉक्टरांनी ती कचऱ्याच्या डब्यात टाकली, तेव्हा कुठे तिने खराखुरा गळा काढला.

बाहेरच्या बाकापाशी ताई आईला म्हणाली, "उद्यापासून नळीतून काही जावो न जावो, मी काहीच आणणार नाही. सगळं उचलून टाकते. मला नाही झेपायचं आता."

आईने भिंतीला हात लावला. तिचे ओठ पांढरे पडले होते. ती बाकावर कशीबशी टेकली, चिंगी अजून तिच्या कडेवर हातपाय झाडत होती.

"बाई," ती म्हणाली, "जरा धरता का हिला? माझ्या हातातून पडेल."

ताईने हात पाठीमागे नेले. मीच मागून तिला ढकललं.

"धरा ना हो बाई," आई म्हणाली, आणि तिने पोर पुढे केली.