प्रश्न वक्त्यांना विचारावेत

बिबवेवाडीतल्या एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये मी सहा वर्षं, दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी बोललो. विषय एकच, आपल्या भागाचा इतिहास. त्यात लढाया नव्हत्या, तह नव्हते. कुठल्या गल्लीत कोण कारागीर राहायचे, कुठली विहीर कुणी बुजवली, पेठांमधली माणसं इकडे कधी आणि का राहायला आली, एवढंच. महापालिकेच्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालो होतो आणि बोलायची सवय सुटत नव्हती. पहिल्या व्याख्यानाला नऊ जण आले. त्यातले दोघे वर्तमानपत्र वाचायला आलेले, उठायला संकोचले म्हणून बसून राहिले.

पुढे गर्दी वाढली. पण व्याख्यान संपलं की एक प्रश्न हटकून यायचा.

"सर, तुम्ही मूळचे कुठले?"

"पुण्याचा."

"हो, पण मूळचे?"

"भवानी पेठ."

"तसं नव्हे हो. त्याच्या आधी?"

माझ्या आजोबांचे आजोबा इथल्याच मातीत पुरलेले आहेत. विचारणारे गृहस्थ पाच वर्षांपूर्वी नागपूरहून आलेले. त्यांना मूळ कुणी विचारत नसे. मी हसून वेळ मारून न्यायचो. ते हसणंच नडलं, असं आता वाटतं.

श्रोत्यांत खराडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करणारे एक गृहस्थ होते, चाळिशीच्या आतले. अख्खं शहर ओलांडून यायचे, पहिल्या रांगेत बसायचे, परवानगी घेऊन फोनवर रेकॉर्ड करायचे. घरी येऊ लागले, माझ्या बायकोच्या हातचं जेवले. माझ्या अकरा वह्या त्यांनी स्कॅन करायला मागितल्या.

"सर, हे जपलं पाहिजे," ते म्हणाले.

माझ्या मुलांनी त्या वह्या कधी उघडल्या नव्हत्या. मी भारावलो आणि देऊन टाकल्या.

सातव्या वर्षी वाचनालयाने तीन दिवसांची व्याख्यानमाला ठरवली. अध्यक्षांनी मला बोलावून घेतलं, चहा मागवला.

"सर, यंदा जरा मोठं करतोय. स्क्रीन वगैरे. वक्ता तरुण असावा असं समितीचं मत पडलं. खराडीचे ते आपले बोलतील."

"आणि विषय?"

"विषय आपलाच. म्हणजे, तुमचाच." ते हसले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "हल्ली ग्रुपवर लोक काहीबाही लिहितात. आपला इतिहास यांनी का सांगायचा, वगैरे. माझं मत तसं नाही, आपण ओळखताच मला. पण बोर्डावर नाव गेलं की उगाच वाद. आपली हरकत नसावी."

हरकत आहे का, असं त्यांनी विचारलंच नव्हतं. मी "नाही" म्हणालो आणि चहा संपवला. चहा उत्तम होता, याचा मला अजून राग येतो.

कार्यक्रम एका मंगल कार्यालयात झाला. मला पहिल्या रांगेत खुर्ची दिली. स्क्रीनवर माझ्या वह्यांची पानं दिसली, माझ्या अक्षरात, भिंतीएवढी. वक्त्यांनी माझे विनोदही घेतले होते, आणि मी जिथे थांबायचो तिथेच तेही थांबत होते. शेवटी आभाराची ओळ झळकली, 'माहिती : स्थानिक जाणकारांकडून'. सहा वर्षांत पहिल्यांदाच मला कुणी स्थानिक म्हटलं होतं, तेही नाव गाळून.

प्रश्नोत्तरं सुरू झाली. मागच्या रांगेतून काठी टेकत एक वृद्ध बाई उभ्या राहिल्या.

"आमच्या वडिलांचे पारायणाचे ग्रंथ भवानी पेठेतले एक मुसलमान बाईंडर बांधून द्यायचे," त्या म्हणाल्या. "चिकटवायचा सरस जनावराच्या कातड्याचा, तो आमच्याकडे चालत नसे. म्हणून ते आमच्यासाठी गव्हाच्या पिठाची खळ वेगळ्या भांड्यात शिजवायचे. ते भांडं दुसऱ्या कशाला लावलं नाही त्यांनी कधी. मला त्यांचं नाव आठवत नाही. त्यांचं कुणी आहे का इथे, एवढंच विचारायचं होतं."

ते माझे वडील. अकरा वह्यांत त्यांच्याबद्दल एक ओळ नव्हती. घरचं कौतुक सांगतो असं कुणी म्हणू नये, म्हणून मी ते कधी लिहिलंच नव्हतं.

वक्त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. अध्यक्ष माईकवर म्हणाले, "सर सांगतील कदाचित?"

सगळं सभागृह माझ्याकडे वळलं. मला राग आवरला नाही. मी बसल्या बसल्या म्हणालो, "प्रश्न वक्त्यांना विचारावेत."

लोक हसले. पुण्यात अशा वाक्याला दाद मिळते.

"आजी, याची नोंद सापडत नाही," वक्ते म्हणाले.

"बरं," म्हणून त्या बाई खाली बसल्या.

लगेच उठून त्यांच्याकडे जायला हवं होतं. पण आभार सुरू झाले, मला शाल आणि नारळ घ्यायला वर बोलावलं, फोटो झाले. मी दाराशी पोहोचलो तेव्हा त्या गेलेल्या होत्या. दारावरच्या कार्यकर्त्याला विचारलं, वाचनालयात विचारलं. त्या सभासद नव्हत्या, कुणी ओळखत नव्हतं. पुढचे दोन्ही दिवस मी फक्त त्यांच्यासाठी जाऊन बसलो. त्या आल्या नाहीत.

घरी बायकोला सगळं सांगितलं. माझं नाव गाळलं इथपर्यंत ती समिती आणि अध्यक्ष दोघांचा उद्धार करत होती. त्या बाईंचं सांगितल्यावर तिचा रोख माझ्याकडे वळला.

"अब्बांचं नाव घ्यायला काय झालं होतं तुम्हाला?" एवढंच म्हणाली.

माझं नाव त्यांनी गाळलं, अब्बांचं मी.

खराडीच्या त्या गृहस्थांची व्याख्यानं आता वाघोलीतही होतात म्हणे. फोनवर निमंत्रणं येतात, मी जात नाही. यंदा रमजानमध्ये अध्यक्षांचा फोन आला.

"सर, ईदनिमित्त छोटा कार्यक्रम करतोय. शीरखुर्म्याबद्दल दहा मिनिटं बोलाल का? आपल्याशिवाय कोण सांगणार?"

"तो माझी बायको करते. मी फक्त खातो."

"मग वहिनींना विचारता का?" ते खरोखरच उत्साहाने म्हणाले.

मी फोन ठेवून दिला.