अक्कांनी माझ्याकडे कागद मागितला

गेल्या मंगळवारी सकाळी आठलाच मी दवाखान्यासमोरच्या भाजीबाजारात जाऊन उभी राहिले. महापौर झाल्यावर पहिल्यांदाच... आणि तेही बायांना तिथून उठा म्हणून सांगायला.

ज्यांना माझं मागचं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बारा वर्षांपूर्वी बालवाडीत शिकवता शिकवता मी याच भाजीवाल्या बायांचे अर्ज भरून द्यायचे. अर्जांवरून ओळख झाली, ओळखीतून संघटना उभी राहिली, मोर्चे निघाले... मग बायांनीच मला निवडणुकीला उभं केलं. यंदा महापौरपद महिलांसाठी राखीव निघालं आणि मी त्या खुर्चीत बसले.

बसून पंधरा दिवस होत नाहीत तोच दवाखान्यासमोर, दोन्ही बाजूंच्या भाजीच्या पाट्यांमध्ये एक रुग्णवाहिका अडकली. आतल्या बाईला कळा सुरू होत्या, ती गाडीतच बाळंत झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत... पण तिच्या नवऱ्याचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून जाईना. हा रस्ता मोकळा करायचाच, असं त्याच दिवशी ठरवलं.

जुन्या जकात नाक्याची जागा रिकामी पडली होती. बाजार तिथे हलवायचा, असा महापालिकेच्या सभेत ठराव झाला. अतिक्रमण हटवणारं पथक पाठवू का, असं अधिकाऱ्यांनी विचारलं. मी म्हटलं, नको... या बायांना मीच सांगेन.

बाजारात सगळ्यांत पुढे बसतात त्या सखूअक्का. सत्तरी गाठलेली, तरी सोनगीरहून रोज पहिल्या गाडीने वांगी-मेथी घेऊन येतात. प्रत्येक मोर्च्यात माझ्या शेजारी चालल्या आहेत. मला वाटलं चिडतील, रडतील... त्या शांतपणे ऐकत होत्या. नाका, शेड, नळ, सगळं सांगून झाल्यावर मी म्हटलं, "अक्का, माझा शब्द आहे."

अक्कांनी हातातली मेथीची जुडी खाली ठेवली. "कागद कोठे शे?"

"पत्र निघायला आठ-दहा दिवस लागतील. तोवर तुम्ही तिकडे बसायला लागा ना."

"कागदना बिगर पाटी उचलानी नही, हाई आमले कोनी शिकाडं? तूच ना?"

मागच्या बाया हसल्या. माझा चेहरा उतरला. इतक्या वर्षांची ओळख, आणि माझ्यावर भरवसा नाही? तसं मी बोलूनही गेले.

अक्का म्हणाल्या, "तुनावर भरोसा शे, माय. पन त्या खुर्चीवर उद्या कोन बठी, हाई कोनले ठाव?"

मी तशीच निघाले. खरं सांगायचं तर राग आला होता... ऑफिसपर्यंत चालत गेले तेव्हा कुठे तो उतरला. हीच मागणी मी इतकी वर्षं दुसऱ्यांच्या टेबलासमोर उभी राहून करत होते. टेबलाच्या या बाजूला आल्यावर मला तीच अपमानासारखी वाटली!

मग थेट पत्र काढणाऱ्या विभागातच जाऊन बसले. प्रत्येक बाईचं नाव, जागेचा नंबर, शेड, नळ... सगळं टाइप होईपर्यंत उठले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी सही झाली.

पत्र घेऊन गेले, तर अक्कांनी ते सुनेकडून मोठ्याने वाचून घेतलं. दोनदा. मग मान वर करून विचारलं, "संडास कोठे शे यामा?"

राहिलंच होतं... दिवसभर बाजारात बसणाऱ्या बायांचा संडास मीच विसरले होते. आले तशी परत गेले.

शुक्रवारी नवं पत्र निघालं. शनिवारी सकाळी बायांनी आपापल्या पाट्या स्वतःच्या हाताने उचलल्या. ना पथक, ना पोलीस. नाक्यावर गिऱ्हाईक कमी येतं, म्हणून अक्का अजून कुरकुरतात, आणि ते खरंच आहे. सिटी बसचा थांबा तिकडे नेण्याच्या मागे आता मी लागले आहे. तोही होईल, केल्याशिवाय सोडणार नाही.

निवडून आल्यापासून हार घालणारे पुष्कळ भेटले. पण माझंच शिकवलेलं मला ऐकवून दोनदा परत पाठवणारं माणूस एकच... सखूअक्का, अशाच कागद मागत राहा. मी आणत राहीन.