दिघीच्या टेकडीवरचा वानर

चिंचेचा कोवळा पाला हातात चुरगळला, की मला दिघीच्या टेकडीखालचं आमचं पत्र्याचं घर आठवतं आणि दारातल्या चिंचेवर येणारा तो वानर. मी लग्न होऊन तिथे गेले तेव्हा पंधरा-वीस माद्यांच्या टोळीत तो एकटाच नर होता, थोराड आणि देखणा. दिवसभर परक्या नरांना हुसकत फिरायचा, निवांत बसून खाताना कधी दिसलाच नाही. तीन वर्षांत त्याचे सुळे तुटले, अंग झडलं आणि एका तरण्या नराने त्याला फाडून टोळीबाहेर काढलं. आमच्या न्हाणीमागे तो येऊन पडला. मी भाकरी ठेवली, ती त्याने हुंगलीसुद्धा नाही. "बिचारा म्हातारा झाला," मी म्हटलं. तशी शेळ्या राखणारी शेजारीण म्हणाली, "म्हातारा न्हाई गं त्यो. एकली फिरणारी वानरं लई वर्सं जगत्यात. ह्यो बायका-पोरं राखता राखता झिजला." संध्याकाळी तो गेला. ओव्हरटाइम करून कंपनीतून आलेल्या माझ्या नवऱ्याने त्याच्यासाठी खड्डा खणला, आणि खणताना ते दोनदा दम खायला खाली बसले. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. आता भिंतीवरचा त्यांचा हार घातलेला फोटो पुसताना सून विचारते, "आई, बाबा किती वर्षांचे होते हो यात?" मी एकेचाळीस म्हणते, आणि फोटोतले पांढरे केस नि बसलेले गाल बघून तिला ते खरं वाटत नाही.