ढिली वायर

शाळा परळची, वर्ग नववीचा, आणि मी विज्ञानाची बाई, तोंडाने फटकळ. पोरांना वाटतं विज्ञान म्हणजे दगडावरची रेघ. घोकायचं आणि पेपरात ओकायचं. माझं डोकं फिरतं. म्हणून मी दरवर्षी न्यूट्रिनोंची गोष्ट सांगते. हे बारीक कण प्रकाशापेक्षाही जोरात पळतात, असं युरोपातल्या शास्त्रज्ञांना दिसलं. जगभर बोंब! पण त्यांनी स्वतःच सांगितलं, आमचं काही चुकतंय का बघा. महिनोन्‌महिने तपासलं, तर काय, वेळ मोजणाऱ्या यंत्राची एक वायर ढिली!

त्या वर्षीही वर्ग खो खो हसला. तेव्हापासून लंबकाच्या प्रयोगात कुणाचं उत्तर भलतंच आलं की मागून आरोळी, "वायर बघ रे, वायर!" मीही म्हणायचे, "एका मापावर विश्वास ठेवायचा नाही. परत मोजा."

सगळ्यात मोठ्याने ओरडायची ती लालबागच्या चाळीतली एक मुलगी. एकदा मधल्या सुट्टीत ती स्टाफरूमच्या दारात आली. आईच्या छातीतल्या गाठीचा रिपोर्ट आला होता. कॅन्सर. घरी सगळे रडत बसलेले, आणि ही बया माझ्याकडे बघून चक्क हसली. "बाई, एकच माप आहे. वायर ढिली असू शकते ना?"

नाही म्हणवेना, आणि हो म्हणणं म्हणजे खोटी आशा. "दुसरीकडे दाखवून घ्या," एवढंच म्हटलं. डॉक्टरांनाही ते पटलं. गाठीचा तोच तुकडा दुसऱ्या लॅबमध्ये गेला. पोर रोज वर्गात शिरताना मान हलवून सांगायची, अजून नाही. देवाचा आणि माझा छत्तीसचा आकडा, पण त्या दिवसांत वाटेवरच्या मारुतीपुढे हात जोडले. मेलं ते पहिलं माप चुकलेलं निघू दे, म्हटलं.

"बाई, वायर घट्ट होती," दुसरा रिपोर्ट आल्यावर ती म्हणाली. आणि लगेच, "आणखी एकदा मोजलं तर?"

मी तिचा हात धरून उभी राहिले. घंटा झाली.

पुढच्या प्रयोगाच्या तासाला एका मुलाचं उत्तर चुकलं. सगळ्यांना तिच्या घरचं कळलं होतं. मागून कुणी ओरडलं नाही. मग तीच बारीक आवाजात म्हणाली, "परत मोज रे. कधी कधी खरंच ढिली असते."