माणसं शिकायला गेलेला शिवलिंग

चार माणसं रोज एका ओट्यावर बसली की किस्से आपोआप साचतात, रांजणाच्या तळाशी गाळ साचावा तसे. उपसायला बसलं की हात भरतात. आमचा ओटा वालूरला, आप्पांच्या कापडदुकानाचा. बसणारे आम्ही : मी, माणिकराव, आणि सुट्टीत हैदराबादहून येणारा आप्पांचा शिवलिंग. मी शाळेत दुसरीपर्यंत गेलो, त्यामुळं ज्याला शुद्धलेखन शोधायचं असंल त्यानं दुसरीकडं शोधावं. मोठी लढाई पेटायच्या आधीच्या, निजामाच्या राज्यातल्या या गोष्टी.

शिवलिंग विद्यापीठात गेला तेव्हा आप्पांना वाटलं, पोरगा वकील होणार. पहिल्या सुट्टीत विचारलं तर वकिली नाही. तहसीलदारी नाही. डॉक्टरकी तर नाहीच. मग काय?

"गोऱ्या मुलखातले लोक कसे राहतेत, कसे जेवतेत, लग्नं कशी लावतेत, ते शिकायलोय. अन् मग आपले लोक कसे राहतेत ते."

आप्पा हातातला कापडाचा तागा गुंडाळत म्हणाले, "आपले बघायला हैदराबाद कशाला? ओट्यावर बस. दिवसभर दिसतेत."

*

विद्यापीठात सगळं शिकवणं उर्दूत, त्यामुळं इंग्रजांच्या रीती तो उर्दूतून शिकायचा आणि आम्हाला मराठीतून सांगायचा. एवढ्या वाटेनं आलेली गोष्ट किती खरी राहत असंल, देव जाणे.

एकदा म्हणाला, तिकडं पाहुणा आधी पत्र लिहून विचारतो, येऊ का म्हणून.

माणिकरावांचा मेव्हणा आखाडात आलेला, दिवाळी झाली तरी हलला नव्हता. त्यांनी खोदून खोदून विचारलं. घरवाल्यानं येऊ नको लिवलं तर? तर येत न्हाई. राग? धरत न्हाई. पुन्हा बोलतेत एकमेकाला? बोलतेत की.

माणिकराव जवळ सरकले. मग हळूच म्हणाले, "शिवा, सांजच्याला आमच्या घरी ये. हे सगळं एकदा ओसरीत बसून मोठ्यानं सांग."

*

शेवटच्या वर्षी गोष्ट गंभीर झाली. प्रोफेसरनं वर्गाला सांगितलं, आपापल्या माणसांच्या चालीरीती जन्मापासून मरणापर्यंत लिहून आणा. ज्याची वही पक्की, त्याला सरकारी वजिफा. म्हणजे विलायतेत जाऊन शिकायचं, खर्च सरकारचा. एकालाच. अर्धवट वही चालायची नाही.

शिवलिंगला जायचंच होतं. आप्पांना एकुलता एक पोरगा समुद्रापार घालवायचा नव्हता. पण अडवलं नाही. "लिही," म्हणाले, "मला मात्र काय विचारू नको."

*

मग तो गावभर विचारत हिंडला. आमच्या शेजारच्या गंगूकाकूच्या चुलीपाशी दोन दिवस बसला. पिठात पाणी किती, मळायचं कुठवर, थापायला सुरुवात मधून की कडेनं, एका भाकरीला थापट्या किती. काकूनं बिचारीनं मोजून मोजून सांगितलं. यानं लिहून घेतलं.

चौथ्या दिवशी काकू ओट्यापाशी आली. डोळ्यांत पाणी.

"पोरा, तू इचारलं तवापासून माझी भाकर मोडायलीय. चाळीस वर्सं हात आपला चालत व्हता, आता थापताना मोजाय लागलाय. तुझ्या वहीतून माझा हात काढून दे."

शिवलिंगनं ती पानं तिच्यासमोर फाडली. तरी भाकर पुन्हा जमायला पंधरा दिवस लागले. शिकलेल्या माणसानं कुठं थांबावं हे कोणत्या इयत्तेत शिकवतात, मला अजून कळलं नाही.

*

पूर्णेला माझी मावशी होती. मी तिच्याकडं निघालो तर शिवलिंग माझ्यासंगं आला. खरा गोरा माणूस जेवताना बघायचा होता त्याला. पूर्णा जंक्शन, तिथं गोरा गार्ड होता. आम्ही प्लॅटफॉर्मवर दबा धरून बसलो. काटा-सुरी, मांडीवर फडकं, तोंड मिटून चावणं, सगळं पुस्तकातून वहीत आधीच उतरवून तयार.

गार्ड आला, उकिडवा बसला, इंजिनात कोळसा टाकणाऱ्या फायरमनच्या फडक्यातली अर्धी भाकर उचलली, बुक्कीनं कांदा फोडला आणि खाल्ला.

मी म्हणालो, "लिही आता."

"कसं लिवू?" शिवलिंग म्हणाला. "हा पुस्तकातला न्हाई."

*

वही भरत आली. बारसं झालं, लग्न झालं, पेरणी झाली. मरणाची पानं कोरीच. आमच्यात जाळतात, शिवलिंगचं घर लिंगायत, त्यांच्यात बसवून पुरतात. पण कसं बसवायचं हे कुणी सांगेना. म्हातारी माणसं त्याला बघून उठून जायची. हे विधी करणाऱ्या स्वामींनी साफ सांगितलं, मयत झाली की ये अन् बघ. त्या उन्हाळ्यात तर गावात कुणी मरेना! शिवलिंग एकदा वैतागून तसं बोलून गेला आणि मग लाजून दोन दिवस घराबाहेर पडला नाही.

हैदराबादला परत जायच्या आदल्या दिवशी दुपारी आप्पांनी मला दुकानाची अर्धी दारं लावायला सांगितली. हातपाय धुऊन आले. गादीवरचा कापड मोजायचा गज बाजूला सारला आणि मांडी घालून बसले. गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेतलं.

"शिवा, वही काढ."

"आप्पा, हे कशाला..."

"तू समुद्रापार असशील. तार पोचायच्या आत इथं माती झालेली असंल. म्हणून आताच बघून घे." डोळे मिटले. "लिही. पाठ ताठ. मान पडू द्यायची न्हाई, मागून एकानं धरायची. किसन, धर."

मी धरली. गरम होती.

विभूती कुठं लावायची, बेलाचं पान कुठं ठेवायचं, एकेक करून सांगितलं. आवाज हलला नाही. "मातीची पहिली मूठ पोराची. पोरगा नसला तर किसनची. लिवलं?"

शिवलिंग लिहीत होता. ओळी तिरक्या उतरत चालल्या होत्या.

तेवढ्यात अर्ध्या दारातून एक गिऱ्हाईक डोकावलं आणि धोतरजोडी मागू लागलं.

आप्पांनी डोळे उघडले नाहीत.

"उद्या ये," म्हणाले. "आज मी मेलोय."