पहिला घोट

"पयले मी, मंग तू," असं म्हणत मावशी पोराच्या हातातली पेजेची वाटी काढून घ्यायच्या, एक घोट स्वतः प्यायच्या, मग तिच्यात औषधाची पुडी सोडून वाटी परत द्यायच्या. पोरगं ती गटागटा रिकामी करायचं. मी शेजारी वजनकाटा घेऊन जळत बसलेली.

खोटं कशाला बोलू? मला त्यांचा मत्सर वाटायचा. गडचिरोलीकडच्या त्या दवाखान्यात मी आहार सांगणारी, चांगली शिकून आलेली. त्या झाडलोट करायच्या, पेज शिजवायच्या. पण एचआयव्ही असलेली मुलं महिन्याच्या गोळ्यांना आली की आधी त्यांना जाऊन बिलगायची. मला नुसता नमस्कार, तोही कुणी चिमटा काढला तर.

तेव्हा या मुलांसाठी नवी पुडी आली होती, पोटातल्या चांगल्या जंतूंची. सारख्या हगवणीनं ते कमी होतात म्हणून वरून द्यायचे. मी हे समजावून सांगितलं तर मावशी म्हणाल्या, "जंतू चांगले बी रायते? मंग बिचाऱ्यायले काऊन बदनाम करता?" सगळी ओसरी हसली. पुडी माझी आणि कौतुक त्यांचं!

एकदा मावशी वाफाळत्या पेजेत पुडी टाकताना सापडल्या. मला आनंदच झाला. चारचौघांत सुनावलं, "गरम पेजेत मरतात ते जंतू, मावशी! कोमट झाली का बघत जा आधी." तेव्हापासून त्यांचा तो पहिला घोट सुरू झाला.

तलावावर मासे धरणाऱ्या घरातली एक आठ वर्षांची पोर यायची. आईबाप गेलेले, काकाकडे राहायची. घरी तिचं ताट वेगळं, न्हाणीजवळ ठेवलेलं. मी वाटी पुढे केली की तोंड घट्ट मिटायची. वजन उतरत चाललेलं. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर पोर हातची जाईल.

मावशींनी तिच्या वाटीतून घोट घेतला. पोर बघतच राहिली. मग प्यायली. दोन महिन्यांत काटा पुढे सरकला, आणि देवाशपथ, मला आधी वाईट वाटलं, मग बरं.

मावशींना एकटीला गाठून मी विचारलं, "मुलांच्या वाटीला तोंड लावता, भीती नाही वाटत?"

"कायची भीती? तुमीच तं सांगतलं ना बाई, उष्ट्यानं लागत नाई मनून."

सांगितलं होतं खरं. भिंतीवर तक्ता लावून, काठीनं दाखवून सांगितलं होतं. पण त्या मुलांच्या वाटीला मी कधी ओठ लावला नव्हता. त्या बाईचा मला इतका राग कधीच आला नव्हता.

पुढे मावशी चार दिवसांच्या तापात गेल्या. गोळ्यांच्या तारखेला पोर आली आणि विझलेल्या चुलीकडे बघत बसली. पेज मीच शिजवली, कोमट केली, वाटी दिली. तिनं ती माझ्याकडे सरकवली.

"पयले तुमी."

मी वाटी तोंडाला लावली. पेज पार अळणी होती. इतकी वर्षं मुलांना ती प्यायला सांगत होते आणि मला ठाऊकच नव्हतं. पोर माझ्या गळ्याकडे टक लावून बघत होती, घोट खरंच खाली उतरतो का ते.