काळ्या काचेचा फोटोवाला

हाताचा पंजा वर, डोळे बंद, छाती फुगलेली. तो असा उभा राहिला की समजायचं, बटन दाबलं. "दम धरा," एवढंच म्हणायचा आणि स्वतः दम धरायचा. आता त्यानं दम धरला काय नि सोडला काय, कॅमेरा तर तीन टांगांवर पक्का उभा होता. पण त्याचं पाहून माझ्या टपरीवरचे चा पिणारेही दम धरायचे. मग पंजा खाली यायचा. "सोडा." सगळे हुश्श करायचे आणि आमची बुढी, म्हणजे माझी बायको, हसून हसून हातातला झारा पाडायची.

कुडवा गावात त्याचं फोटोचं दुकान. लग्नाचे नि पासपोर्टचे फोटो काढायचा. पावसाळ्यात दुकानाच्या सुटीला स्कूटीवर सामान बांधून हाजरा फॉलला, आमच्या धबधब्यावर यायचा. मी आणि बुढी तिथं ताडपत्रीखाली चा-भजे विकायचो. मी आजही विकतो. बुढी मागच्या हिवाळ्यात गेली. तिचा एक धड फोटो मला पाहिजे होता, आणि तो आपल्यापाशी आहे का नाही, हे त्या माणसालाही माहीत नव्हतं. म्हणून त्याची गोष्ट सांगून राहिलो.

त्याचे फोटो पाहिले तर तुम्हीही म्हणाल, हे पाणी नाही. आमचा फॉल एवढी आदळआपट करते, आणि याच्या फोटोत कसा, तर पिंजलेला कापूस टांगून ठेवल्यासारखा. मी सरळच विचारलं, "भाऊ, पाण्याचा कापूस कायले करता? गादी भराची आहे का?"

त्याला राग नाही आला. त्यानं समजावलं, कॅमेऱ्याचा डोळा तो बराच वेळ उघडा ठेवते. तेवढ्यात पाणी वाहून जाते, मागं नुसता धूर उरते. दिवसाचा उजेड जास्त होऊ नये म्हणून समोर काळी काच लावते. "काकाजी, जो थांबला तो फोटोत. जो हलला तो साफ."

खरंच साफ. फॉलखाली नाचणारी पोरं, मोबाईलसमोर माना वाकड्या करणाऱ्या बाया, कोणीच फोटोत नसायचं. एकदा सगळी गर्दी गायब आणि दगडावर एकटी बकरी. तिलाही तोंड नव्हतं, कारण बसल्या बसल्या ती रवंथ करून राहिली होती. बुढी म्हणाली, "बापा, मंग मी तर येतच नाही यात."

खरंच होतं तिचं. बुढी कधी बसलीच नाही. तो दर खेपेला म्हणायचा, मावशी, एकदा त्या दगडावर बसा. ती म्हणायची, "मी बसली तर भजे कोण तळते, तुमची माय?" त्याच माईसाठी ती जाताना भज्यांचा पुडा बांधून द्यायची, ते वेगळं.

एका दिवशी तो काळी काच बाकड्यावर ठेवून पाय धुवायला गेला. बुढीला वाटलं, कंदिलाच्या काचेसारखी काजळी धरली आहे, या बिचाऱ्याला घरी कोणी पुसून देत नाही. तिनं चुलीतली राख घेतली आणि घासली. निघेना, तर नारळाची शेंडी घेतली. तो परत आला तेव्हा ती घामाघूम. "बाबू, लय दिवसाची आहे जी, निघूनच नाही राहिली."

त्यानं काच उजेडाकडं धरली. कोंबडीनं अंगण उकरावं तशा रेघा. बुढीला तेव्हा उमगलं. हळूच विचारलं, "काळीच राहते का हे?"

"काळीच राहते, मावशी."

बुढी गप. मी एवढा संसार केला, तिला अशी गप पाहिली नव्हती. त्यालाही ते सोसलं नसावं. म्हणाला, "आता सजा भोगा. त्या दगडावर बसा. हलाचं नाही, बोलाचं नाही. दम धरा."

त्यानं तीच काच कॅमेऱ्यासमोर लावली. बुढी बसली. पण अर्धंमुर्धं काम तिला जमायचं नाही. तोंडात दोन भजे कोंबल्यासारखे गाल फुगवून तिनं दम धरला. मी कढईपाशी. भजे करपले, पण मी झारा हलवला नाही. त्यानं "सोडा" म्हणताच बुढी ओरडली, "मेली असती न जी मी!"

ती गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात माळ घालायला फोटो पाहिजे होता. घरात आधारकार्डाचा तेवढा होता, त्यात ती कोंबडी चोरताना सापडल्यासारखी दिसते. मी कुडव्याला गेलो. त्यानं कम्प्युटरवर सगळे पावसाळे काढले. प्रत्येकात टपरी दिसे, स्टुलावर मी दिसे, माझ्या बाजूला हिरवा धूर. "हे मावशी," तो म्हणे. पुढच्यात लुगडं पिवळं, म्हणून धूर पिवळा. "हेही मावशीच."

मी म्हटलं, "भाऊ, धुराले माळ कशी घालू?"

त्यानं सगळं पुन्हा धुंडाळलं. मग बिघडलेले फोटो वेगळे ठेवले होते, ते काढले. त्यात ती होती. मागं कापूस, अंगावर काचेच्या रेघा पाऊस पडल्यासारख्या, आणि दगडावर बुढी, सुरकुती न सुरकुती उमटलेली, गाल फुगवून. तो म्हणाला, काकाजी, गाल बसवून देतो कम्प्युटरवर.

"गालाले हात लावाल तर याद राखा."

कार्यक्रमाच्या दिवशी आमच्या घरी बाबासाहेबांच्या फोटोशेजारी त्यानंच खिळा ठोकला. भाऊबंद म्हणाले, असा फोटो कोणी टांगते का. मी म्हटलं, तुमच्या घरी नका टांगू. फोटो टांगून तो मागं सरकला, आणि सवयीनं त्याचा पंजा वर गेला. सगळे दम धरून उभे, वंदनेला आलेले भंतेजीसुद्धा. "सोडा" काही त्याच्या तोंडातून निघालं नाही. तो तसाच बाहेर गेला आणि कितीतरी वेळ चप्पल शोधत राहिला.

आता तो रायपूरला पोरीकडं राहते. गुडघे गेले, दगडावर चढवत नाही. या पावसाळ्यात फॉल आपल्या मनानं आदळून राहिला, त्याचा कापूस करणारा कोणी नाही.

सांजेला टपरी झाकून घरी येतो, फोटोसमोर बसतो, तिच्यासारखे गाल फुगवतो आणि दम धरतो. दर खेपेला माझाच आधी सुटते. बुढी काही हरत नाही.